पेला भरण्याआधीच्या समजुती

पारगावच्या आसपास ज्या घरांत दारूचं नाव काढलेलंही चालत नाही, अशा बऱ्याच घरांत ब्रँडीची एक लहान बाटली असते. फडताळात, बामाच्या डबीमागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाळंतिणीच्या अंगात ऊब राहावी म्हणून चमचाभर, लेकराला सर्दी झाली की दोन थेंब, आजोबांच्या खोकल्याला कोमट पाण्यातून. ती आणणारा माणूस माळकरीही असू शकतो, आणि आपण घरात दारू आणली असं त्याच्या मनालाही शिवत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तातली साखर दारूने धोकादायक इतकी खाली येऊ शकते आणि त्याचं यकृत ती पेलण्याइतकं तयार झालेलं नसतं, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. बाटली मात्र फडताळातून हललेली नाही.

त्या घरातलं पोर दोन गोष्टी एकदम शिकतं. दारूने माणसाचं वाटोळं होतं ही एक, आणि दारूत काहीतरी गुण आहे ही दुसरी. पहिली त्याला तोंडाने सांगितलेली असते, दुसरी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. विशीत कुणी त्याच्यापुढे पेला धरतो तेव्हा पहिली आठवते, पण विश्वास दुसरीवर बसलेला असतो. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं. दारूविषयीचं आपलं मत आपण ती चाखण्याच्या कितीतरी आधी बनवून ठेवलेलं असतं, आणि ते बनवायला न पिणाऱ्यांनीही हातभार लावलेला असतो. म्हणून हे पुस्तक पिणाऱ्यासाठी आहे तेवढंच त्याच्या आईसाठी, बायकोसाठी आणि पुढच्या लग्नात त्याला आग्रह करणाऱ्या मेव्हण्यासाठी आहे.

पारगाव म्हटलं की इकडे आधी विचारतात, कुठलं? जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आंबेगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचं पारगाव आहे, शिवाय पारगाव तर्फे खेडही आहे. घोड आणि कुकडीचं पाणी कालव्यांनी शिवारात आलं तसा हा सगळा पट्टा ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचा झाला. इथे पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. माल विकल्याची पट्टी येते तेव्हा येतो. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटने दोन हजारांचा भाव ओलांडला, आणि याच बाजारातून इतर वर्षी शेतकरी वाहतुकीचा खर्चही न निघता परतला आहे. पहिल्या वेळी बसायचं कारण आनंद असतं, दुसऱ्या वेळी दुःख. मला यातलं दुःखाचं कारण समजतं, आनंदाचंही समजतं. पण एकच वस्तू दोन्हींवर इलाज कशी, हा प्रश्न कुणी विचारताना मी ऐकलेलं नाही. आपण तो विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला आधीपासून पाठ आहे: दारूने बरं वाटतं. इथूनच चाचपणी सुरू करायला हवी.

रात्रीच्या पाण्याचं उदाहरण घेतो, कारण ते आमच्या भागाचं अगदी स्वतःचं आहे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की माणूस बारा-एकला मोटर चालू करून उसाला किंवा कांद्याला पाणी भरायला जातो. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर-आंबेगावची थंडी हाडात शिरते. उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभारावं लागलं, एवढा हा प्रश्न इथे रोजचा आहे. अशा रात्री घराबाहेर पडण्याआधी दोन घोट घेणाऱ्याला कुणी दारुडा म्हणत नाही. ऊब येते आणि भीती जाते, एवढाच त्याचा हिशेब असतो.

आता यातलं एकेक तपासू. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, चेहरा आणि हात ऊबदार वाटतात. ती उष्णता शरीराच्या आतून आलेली असते आणि कातडीवाटे बाहेर निघून जाते. आतलं तापमान खाली येतं, आणि थंडी वाजून अंग कापण्याची, म्हणजे शरीराने स्वतः ऊब तयार करण्याची क्रियाही मंदावते. ओल्या वाफ्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या माणसाला दारू थंडीपासून वाचवत नाही, थंडी कळू देत नाही. भीतीचंही तसंच. भीती गेली म्हणजे बिबट्या गेला असं नव्हे. कान टवकारलेले असणं, बॅटरी वेळेवर फिरवणं, मोटरच्या पेटीला ओल्या हाताने न शिवणं, ही सगळी कामं भीतीच करून घेत असते. ज्या रात्री माणसाला शुद्धीची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच रात्रीसाठी ही समजूत त्याच्या हातात पेला देते. या एका समजुतीवर मी एवढा थांबलो, कारण ती व्यसनी माणसाची नाही. ती कष्टाळू आणि जबाबदार माणसाची आहे.

झोपेची आणि थकव्याची समजूतही त्याच कष्टातून आली आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या पट्ट्यात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. संध्याकाळी कोपीवर आल्यावर अंग ठणकतं, आणि ठणका थांबवायला क्वार्टर जवळच मिळते. पिऊन झोप पटकन लागते, हे खरं आहे. पण यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम दारूच निकालात काढतं. मध्यरात्रीनंतर ती उतरू लागली की मेंदू उलट दिशेने उसळतो. दारूने त्याला दाबलेलं असतं, म्हणून त्याने आपली जाग वाढवून तोल सांभाळलेला असतो. दाब निघाला की ती जास्तीची जाग तेवढी उरते. मग तीन वाजता डोळा उघडतो, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, नको ते विचार येतात. दिवसभर चिडचिड राहते, आणि संध्याकाळी ती चिडचिड घालवायला पुन्हा पेला. त्याला खरोखरच बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. फक्त जे दुखणं तो घालवतो आहे, त्यातलं बरंचसं कालच्याच बाटलीने दिलेलं असतं. हे चक्र एकदा नीट उमगलं की अनेकांच्या मनातली दारूची किंमत उतरते, मग सोडण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला असो वा नसो. या पुस्तकाचा कणा हे उमगणंच आहे.

काही समजुती मात्र साध्या हिशेबाने ढासळतात. ‘मी बीअरच घेतो’, ‘वाइन म्हणजे काय दारू आहे का’, ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. नारायणगावला १९८०च्या दशकात शाम चौगुले यांनी वाइनचा कारखाना उभारला, तिथली फसफसती वाइन परदेशी गेली, आणि द्राक्ष-वाइनचं नाव या तालुक्याला चिकटलं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा वाइन दारू आहे की नाही, यावर राज्यभर खडाजंगी झाली. उत्तर बाटलीवरच छापलेलं असतं. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ७४ ग्रॅम भरतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या एका मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमच्या वर. म्हणजे ढाब्यावर दोन स्ट्राँग बीअर रिचवून ‘आज मी घेतली नाही, फक्त बीअर मारली’ म्हणणाऱ्याने क्वार्टरपेक्षा जास्त घेतलेली असते. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. आणि हृदयाला थोडी वाइन चांगली, हा जो दिलासा वर्तमानपत्रांतून पसरला, त्यामागच्या अनेक अभ्यासांत एक मोठी चूक होती: आजारपणामुळे दारू सोडलेल्यांनाही न पिणाऱ्यांच्या गटात धरलं होतं, आणि त्यांच्यापुढे थोडी पिणारे साहजिकच ठणठणीत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातलं होतं. त्यात वाइन वेगळी काढलेली नाही.

औषधी गुणाची समजूत केवळ घरातली नाही, ती सरकारी कागदावरही आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो दिला जातो आरोग्य जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी. कायद्यातून वाट काढताना आरोग्याचं कारण पुढे करावं लागलं, हे मी समजू शकतो. तरी ज्या राज्याच्या तिजोरीत उत्पादन शुल्काचा इतका मोठा वाटा आहे, त्या राज्याच्या परवान्यावर हे शब्द असावेत याचं मला दुःख होतं.

‘आपल्याकडे पूर्वापार पीतच होते’ असंही म्हटलं जातं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्यांवर, दारूला सणात आणि देवकार्यात जागा होती, हे खरंच आहे. पण तिला काळवेळ होती आणि सोबत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली, मोठ्या भट्ट्यांना मक्ते दिले आणि परवान्याचं दुकान वस्तीजवळ आणलं, कारण महसूल दुकानातून मिळत होता. पुढे दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सदस्य असताना शहरातल्या दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या सत्यशोधक विचाराला ओतूर गावाने आणि जुन्नरच्या शेतकऱ्यांनी मनापासून साथ दिली होती. रोज संध्याकाळी, एकट्याने, गाडीच्या डिकीतून काढून प्यायची सीलबंद क्वार्टर ही पूर्वजांची नाही. तिला परंपरेचा आधार देणं पूर्वजांवर अन्याय आहे.

आणि ‘सगळेच पितात’? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात असं नोंदलं गेलं. पाहणीत काही जण लपवतात, हे धरून आकडा वाढवला तरी न पिणारे पुरुष कितीतरी जास्त उरतात. पिणाऱ्याला ते दिसत नाहीत, कारण संध्याकाळी तो त्यांच्यात नसतो.

आमच्याकडे दारूमुक्तीचा एक महिना दर वर्षी येतो आणि त्याकडे त्या नजरेने कुणी पाहत नाही. आषाढाच्या अमावास्येला गटारी होते, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, आणि रोज घेणारी माणसंसुद्धा पेला बाजूला ठेवतात. कुणी महिनाभर, कुणी थेट गणपती उठेपर्यंत. घरातली बाई त्या दिवसांत मोकळा श्वास घेते. पण या महिन्यातून निष्कर्ष काय काढला जातो? ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही. मनात आलं की सोडू शकतो.’ मग उरलेले अकरा महिने या एका महिन्याच्या दाखल्यावर निघतात. श्रावण पाळता आला याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या तारखेला संपणारी वाट बघता आली. अनेकांच्या बाबतीत ती वाट बघणंच सगळा महिना व्यापून असतं.

मला श्रावणाचा वेगळा उपयोग करावासा वाटतो. दिवस मोजू नयेत, स्वतःला विचारत राहावं. झोप कशी लागतेय? पहाटे तीनला जाग येते का? पट्टी आली त्या संध्याकाळी आनंद कमी झाला का? ज्या मित्रांबरोबर बसत होतो, त्यांच्याशी पेल्याशिवाय बोलायला काही आहे का? मुलं जवळ येताना दबकतात का? ही उत्तरं लिहून ठेवावीत, कारण भाद्रपदात ती आठवत नाहीत. देवाच्या भीतीने सोडलेली दारू देवाचे दिवस संपले की परत येते. जी समजूत स्वतःच्या अनुभवाने खोटी ठरली, ती परत बसवणं कठीण जातं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून घेणाऱ्या माणसाने श्रावण लागला म्हणून एका रात्रीत बंद करणं जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, दरदरून घाम, फिट येणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं आणि किडे दिसणं, हा दारू अचानक तुटल्याचा आजार आहे. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि भगताकडे नेतात. ही समजूत माणूस मारते. त्याला दवाखान्यातच न्यायला हवं. योग्य औषधांनी हे दिवस सुखरूप पार पडतात. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ या मोफत सरकारी दूरध्वनी सेवांवर विचारता येतं.

मनाचा निर्धार नाही म्हणून पितो, ही न पिणाऱ्यांची सगळ्यात लाडकी समजूत. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने दारूबंदीतून गाव उभं केलं, त्याचं मोल मोठं आहे. पण तिथे पिणाऱ्याला खांबाला बांधून मारलं जाई, हे खुद्द अण्णा हजारे यांनी सांगितलेलं आहे, आणि ते मला पटत नाही. मार खाल्लेला माणूस लपून प्यायला शिकतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केलं तेव्हा त्यांनी व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानलं आणि प्रेमाने वागवलं. बरे झालेले मित्रच तिथे नव्यांना हात देऊ लागले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांमध्येही तेच होतं: फी नाही, उपदेश नाही, एकाने आपलं सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. आमच्याकडे माळ घालण्याची वाट तर त्याहून जुनी. आळंदीची वारी धरली, तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं या भागात गावोगाव आहेत. त्या माळेत श्रद्धा आहे तशीच संगतही आहे: रोजचा हरिपाठ, एकादशी, संध्याकाळी बसायला दुसरी जागा. अडचण एकच, माळ उतरली की माणूस स्वतःला बाटलेला समजतो आणि लाजेने पार तळाला जातो. पुन्हा घसरणं हा या आजाराचा भाग आहे, हे कीर्तनातूनही सांगितलं गेलं तर किती जण वाचतील!

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. ते आपण सुधाकराच्या बायकोच्या, सिंधूच्या, अश्रूंसाठी लक्षात ठेवलं. मला त्यात तळीराम जास्त महत्त्वाचा वाटतो. सुधाकराची वकिलीची सनद काही काळापुरती रद्द झाली, अपमानाने तो पेटला, आणि तळीरामाने त्याला एक समजूत दिली: घोटभर घेतलं की विसरता येतं. पेला नंतर आला. सुधाकर बुद्धिमान होता, निर्धाराचा होता, तरीही ती समजूत त्याने तपासली नाही.

गावातलं दारूचं दुकान बंद करण्याचा हक्क बायकांच्या हातात आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूने, शिक्का मारला तर दुकान बंद होतं. हा हक्क बायकांनी लढून मिळवला आणि जिथे जमेल तिथे तो वापरलाच पाहिजे. पण चंद्रपूर जिल्ह्याची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. दुकानाचं भवितव्य मतदानाने आणि मंत्रिमंडळाने बदलत राहील. फडताळातली ब्रँडी, पाण्याच्या पाळीआधीचे दोन घोट, भाच्याच्या पहिल्या पगाराची पार्टी, यांच्यावर मतदान होत नाही. ते घराघरात बोलूनच बदलावं लागेल.

त्यातही आग्रहाचा प्रश्न मला सगळ्यात निकडीचा वाटतो. हळदीच्या रात्री मांडवामागे गाडीच्या बोनेटवर ग्लास मांडले जातात. तीन महिने न घेतलेला माणूस तिथे येतो आणि त्याला म्हटलं जातं, ‘दाजी, आज तरी घ्या, आमच्या आनंदासाठी.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पाहुण्याला रिकाम्या हाताने उभं ठेवू नये, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. नको म्हणणाऱ्याने एकदा पोटाचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा गोळ्या चालू असल्याचं सांगितलं, तिसऱ्यांदा तो उठून जातो किंवा पेला घेतो. खरं कारण, म्हणजे ‘मी सोडली आहे’, सांगायची त्याला लाज वाटते, आणि ती लाज आपण सगळ्यांनी मिळून तयार केली आहे. त्या बोनेटवर मठ्ठा किंवा कोकम सरबत ठेवायला यजमानाला फारसा खर्च येत नाही, आणि एकदा ‘नको’ ऐकल्यावर दुसऱ्यांदा न विचारणं तर फुकटच आहे. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण यजमानांसाठी लिहिलं आहे. लग्नसराई जवळ आली असेल तर ते आधी वाचावं.